गाव सोडलेल्यांचे आडनाव

अध्यापनाच्या चौतीस वर्षांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न वाङ्मयाविषयीचा नव्हता. चर्चासत्रात माझे नाव पुकारले जाई आणि चहाच्या वेळी कोणीतरी अदबीने जवळ येऊन विचारी, "आपण नरहर कुरुंदकरांचे कोण?" मी सांगत असे की कोणी नाही. कुरुंदकरांचे आडनाव मराठवाड्यातील वसमत तालुक्यातल्या कुरुंदा या गावावरून आले. माझे आडनाव कुरुंदवाडकर, आणि कुरुंदवाड आहे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमापाशी. विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरे. 'धार आणि काठ'च्या लेखकाशी आपले दूरचेही नाते नाही, याचे मला तितकेच वाईट वाटत असे. थोडी इतिहासाची माहिती असलेले लोक दुसरा प्रश्न विचारीत : "म्हणजे संस्थानिकांपैकी का?" तेही नाही. या दोन नकारांनंतर मी कोण, हे सांगण्याची वेळ सहसा येत नसे, कारण तोवर चहा संपलेला असे.

हा प्रश्न गेल्या वर्षी वेगळ्या तऱ्हेने समोर आला. माझी मुलगी फ्रँकफुर्टला असते. तिला मुलगा झाला आणि नावाची कागदपत्रे भरताना तिने दूरध्वनीवर विचारले, "बाबा, कुरुंदवाडात आपल्या आडनावाचे कोणी राहते का हो?" मला उत्तर देता आले नाही. मी कुरुंदवाडला कधी गेलोच नव्हतो. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला दोनदा गेलो होतो. पैलतीरावरचे गाव पाहिले होते. नदी मात्र ओलांडली नव्हती. त्याचे कारण पुढे येईलच.

आपल्याकडे ग्रामनामाला 'कर' लावून आडनाव करण्याची रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातील एक विसंगती सहसा ध्यानात येत नाही. ज्या गावावरून माणूस ओळखला जातो, त्या गावात ती ओळख निरुपयोगी असते. कुरुंदवाडात सगळेच कुरुंदवाडचे. तिथे एखाद्याला कुरुंदवाडकर म्हणून काय कळणार? हे नाव उपयोगी पडते ते गाव सुटल्यावर, परक्या ठिकाणी, 'हा कुठला?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्यामुळे असे आडनाव वास्तव्याची खूण वाटत असले, तरी बहुधा ते स्थलांतराचा पुरावा असते.

याचे उत्तम उदाहरण खुद्द कुरुंदवाडनेच पुरवले आहे. या गावात १८ ऑगस्ट १८७२ रोजी जन्मलेले विष्णु दिगंबर हे आडनावाने पलुसकर. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. घराणे मूळचे गाडगीळांचे. पण पलूस या गावाहून आलेले म्हणून पलुसकर झाले. पलूस आज सांगली जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे आणि तेही कृष्णेच्याच खोऱ्यातले. पलूस तालुक्यातील औदुंबर आणि कुरुंदवाडसमोरची नरसोबाची वाडी ही दोन्ही दत्तसंप्रदायाची क्षेत्रे, एकाच नदीने जोडलेली. गाडगीळ पलूसमध्येच राहिले असते तर ते पलुसकर झाले नसते. बाहेर पडले, म्हणून गावाचे नाव त्यांच्याबरोबर आले आणि मागचे कुलनाम पुसत गेले.

पुढची हकिकत संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटल्याने लहानग्या विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेले; दृष्टी पुरती सुधारली नाही, पण मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण सुरू झाले. गुरूचे नावही एका गावाचेच, हे सहज नोंदवून ठेवू. १९०१ साली पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. मला लक्षणीय वाटते ती गोष्ट याच्याही पुढची आहे. उत्तरेत त्यांचे नाव रूढ झाले ते 'पंडित विष्णु दिगंबर' असे, बहुधा आडनावाशिवायच. पलूस हे नाव कुरुंदवाडात अर्थपूर्ण होते, मिरजेतही असेल. रावीच्या काठी त्याचा कोणाला काय बोध होणार? गावाच्या नावाचा पल्लाही असा ठरलेला असतो. अगदी जवळ ते लागत नाही आणि फार दूर ते समजत नाही. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु यांनी ते नाव पुन्हा मैफलीच्या जगात सर्वतोमुखी केले. पण १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज पलुसकर हे नाव ऐकताच आपल्याला एक गायकी आठवते, गाव आठवत नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही अशी नावे विपुल आहेत. मर्ढेकरांचे मूळ आडनाव गोसावी; सातारा जिल्ह्यातल्या मर्ढे गावावरून ते मर्ढेकर झाले, आणि कवीचा जन्म मात्र खानदेशातील फैजपूरचा. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगाव भागातील गुर्लहोसूरला. आडनावातले किर्लोस मालवण तालुक्यात राहिले. या आडनावाने तर एक विलक्षण परतफेड केली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याभोवती वसाहत उभारली, ती किर्लोस्करवाडी. म्हणजे गावावरून आडनाव झाले आणि आडनावावरून पुन्हा गाव. ही किर्लोस्करवाडी पलूसच्या शेजारीच आहे.

आता संस्थानिकांविषयी. कोतवड्याच्या हरभट पटवर्धनांच्या वंशजांनी पेशवाईत पराक्रम गाजवून कृष्णाकाठी दौलती मिळवल्या. पुढे शाखा वाढल्या, आणि सगळेच पटवर्धन असल्यामुळे ओळखण्यासाठी ठाण्याचे नाव आवश्यक झाले : सांगलीकर, मिरजकर, जमखंडीकर, कुरुंदवाडकर. कुरुंदवाडच्याही १८५४ मध्ये थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. इथे 'कर' हा स्वामित्वाचा निदर्शक होता. मात्र तेच रूप तमाशाच्या फडातही दिसते, विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर. अधिपती आणि कलावंत यांना एकाच प्रत्ययाने बांधणारी भाषा त्यांच्यातले अंतर मात्र मिटवू शकली नाही. १९४८ च्या मार्च महिन्यात दक्षिणी संस्थाने विलीन झाली. स्वामित्व गेले आणि 'कुरुंदवाडकर' हे पुन्हा केवळ एक नाव उरले.

मुलीशी हे बोलत असताना तिने जर्मन आडनावांचा विषय काढला. आपल्या 'कर'सारखा तिकडे 'एर' हा प्रत्यय आहे. राइनकाठच्या ओपनहाइम गावावरून ओपनहायमर. बाड किसिंगेनवरून किसिंजर. हेन्री किसिंजर यांच्या पूर्वजाने हे आडनाव १८१७ मध्ये घेतले. त्यामागे कायदा होता : बव्हेरियाने १८१३ च्या आदेशाने ज्यूंना कायम कुलनामे घेणे भाग पाडले होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वडिलांच्या नावाने ओळखत होते, त्याला दप्तरात नोंदवताना एखाद्या गावाचे नाव मिळाले आणि ते चिकटले. आपल्याकडे शाळेच्या दाखल्याने आणि नोकरीच्या हजेरीपटाने बव्हंशी हेच काम केले. त्यापूर्वी एकच माणूस वृत्तीने कुलकर्णी, उपाध्या कुळाने आणखी काही आणि परगावी अमुककर असू शकत होता. लेखनिकाने त्यांतले एक उचलले. इतर विरून गेली.

अशी नावे दुर्मीळ का होतात, याचेही एक गणित आहे. आडनावे कशी लोप पावतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये मांडला आणि हेन्री वॉटसनच्या साहाय्याने १८७४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नाव केवळ पुत्राकडून पुढे जात असेल, तर ज्या पिढीत पुत्र नाही तिथे ती शाखा संपते. असंख्य घराण्यांच्या आडनावाला याची क्षिती नसते, पण एकाच घरापासून सुरू झालेले नाव दोन-चार पिढ्यांत सहज नाहीसे होऊ शकते. कुटुंब मात्र संपलेले नसते. मुली असतात, नातवंडे असतात. संपतो तो फक्त मोजण्याचा एक प्रकार. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. आईला जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिच्या माहेरच्या आडनावाला त्या ओळीत जागा नाही. मला एकच मुलगी. गॉल्टनचे गणित मला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नव्हती.

माझे आजोबा ऐन तारुण्यात कुरुंदवाड सोडून पुण्यात कारकुनीस लागले. घरात सांगितली जाणारी कथा अशी, की कचेरीत आधीच चार कुलकर्णी असल्याने साहेबाने त्यांना गावाच्या नावाने नोंदवले. ही कथा मी अनेक वर्षे वर्गात उदाहरण म्हणून सांगत आलो. मुलीच्या प्रश्नानंतर वडिलांची पेटी उघडली, तेव्हा तीत आजोबांच्या हक्कसोडपत्राची नक्कल मिळाली. राहत्या घरातील आणि जमिनीतील आपला वाटा त्यांनी थोरल्या भावाला लिहून दिला होता. त्याखाली सही 'कुलकर्णी' अशी होती. त्यानंतरच्या एकाही कागदावर ते आडनाव नाही. साहेबाची गोष्ट खरी असेलही, पण तेवढीच खरी नव्हती. वाटणीवरून भावांत वितुष्ट आले होते. आजोबा पुन्हा गावी गेले नाहीत, वडिलांनाही त्यांनी जाऊ दिले नाही, आणि वडिलांनी न सांगताच मीही वाडीच्या घाटावरून परत फिरत राहिलो. घर भावाकडे राहिले आणि गावाचे नाव तेवढे आजोबांनी आपल्याकडे घेतले, असा याचा अर्थ मी लावतो. तो त्यांचा रोष होता की ओढ, हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.

शेवटी मी कुरुंदवाडला गेलो. पत्ता हक्कसोडपत्रातल्या चतुःसीमेवरून शोधावा लागला. दारात माझ्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते. मी नाव सांगितले. ते क्षणभर थांबले, मग आत वळून म्हणाले, "अगं, पुणेकरांच्यातले आलेत." मला वाटले, मी पुण्याहून आलो म्हणून ते तसे म्हणाले. पण चहा घेताना उलगडा झाला. त्या घरात आमच्या शाखेला तीन पिढ्या 'पुणेकर' असेच म्हणत आले आहेत. आजोबांच्या भावाने ते नाव रागाने दिले असावे; पुढच्यांच्या तोंडी त्यातला राग उरला नव्हता. ज्या नावासाठी मी इतकी वर्षे दोन-दोन नकार देत आलो, ते त्या गावाने कधी ऐकलेच नव्हते. त्यांनी मला घर दाखवले, २०१९ च्या महापुरात भिंतीवर पाणी कुठवर चढले होते ती रेघ दाखवली, आणि निघताना हातावर बासुंदीची वाटी ठेवत विचारले, "इतके दिवस का नाही आलात?" या तिसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मुलीला मी सगळे कळवले. नातवाच्या कागदावर त्याच्या वडिलांचेच आडनाव लागले आहे. तिने स्वतःचे बदललेले नाही. म्हणजे कुरुंदवाडकर हे नाव आमच्या घरात तिच्यापर्यंत चालेल. पूर्वी याची मला जी खंत वाटत असे, ती आता तितकीशी वाटत नाही. नाव सांभाळण्यात आम्ही तीन पिढ्या घालवल्या आणि माणसे नदीपलीकडे राहिली, याची खंत अधिक आहे. "हा तिथे जन्मला, म्हणजे फ्रँकफुर्टकर," असे मी नातवाविषयी गमतीने म्हणालो, तर ती म्हणाली, "इथे कोण म्हणेल तसे, बाबा? दुसरीकडे गेला, तर म्हणतील."

येत्या दत्तजयंतीला ती मुलाला घेऊन येणार आहे. वाडीचे दर्शन झाल्यावर आम्ही पूल ओलांडून पलीकडे जाऊ. दारात कोणी विचारलेच, तर काय सांगायचे ते मी तिला शिकवून ठेवले आहे : कुलकर्ण्यांच्यातलीच, पुणेकरांची.