अलंगच्या वाटेवर

पालिताण्याची यात्रा आटोपली की बहुतेक यात्रेकरू भावनगरचा रस्ता धरतात. गेल्या माघ महिन्यात आम्ही मात्र गाडी तळाज्याच्या दिशेने वळवली. आदल्या दिवशीच शत्रुंजयावरून उतरलो होतो. तीन हजारांहून अधिक पायऱ्यांनी पोटऱ्या भरून आल्या होत्या, मन मात्र हलके होते. त्या गिरिराजावर कोणी अन्न नेत नाही, संध्याकाळनंतर कोणी वर राहत नाही. रिकाम्या हातांनी चढावे आणि रिकाम्या हातांनीच उतरावे, अशी ती जागा. तेथून पन्नास-साठ किलोमीटरवर जगभरच्या टाकून दिलेल्या वस्तूंचा ढीग पाहायला आम्ही निघालो होतो.

ही वाट माझ्या पुतण्याने सुचवली. गृहसजावटीचे शिक्षण घेऊन तो नुकताच आमच्या नगरच्या दुकानात बसू लागला आहे. प्लायवूड आणि फर्निचरचा आमचा व्यवसाय तीन पिढ्यांचा. त्यात जुन्या सामानापासून घडवलेल्या वस्तूंचे एक दालन काढावे, असे त्याच्या मनात होते. “काका, नवे झाड तोडण्यापेक्षा तोडून झालेले लाकूड पुन्हा वापरू,” तो म्हणाला. व्यवहार आणि विवेक दोन्ही साधणारी ही कल्पना मला मनापासून आवडली.

खंभातच्या आखातावरील अलंग येथे 1983 साली जहाजे तोडण्यास प्रारंभ झाला. येथील भरती देशातील सर्वांत मोठ्या भरतींपैकी एक आहे आणि किनारा अगदी मंद उताराचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आयुष्य संपलेले जहाज स्वतःच्याच वेगाने किनाऱ्यावर चढवतात. ओहोटी लागली की ते चिखलात कोरडे पडते. मग गॅसच्या ज्वाळेने त्याचे पत्रे कापले जातात. आपल्या नौदलाची ‘विराट’ही 2020 मध्ये अखेरच्या प्रवासासाठी येथेच आली. जहाजाच्या वजनाचा बहुतांश भाग पोलादाचा असतो. ते पोलाद रोलिंग मिलमध्ये जाऊन सळया होऊन बाहेर पडते. उरलेल्या सामानात जहाजावरच्या माणसांचा सगळा संसार असतो आणि तो रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या दुकानांत येतो. या दुकानांना तिकडे ‘खाडा’ म्हणतात.

एका खाड्यात केवळ गाद्या आणि पलंग, दुसऱ्यात स्टेनलेस स्टीलची स्वयंपाकघरे, तिसऱ्यात कपबश्यांच्या राशी. पितळी चौकटीच्या गोल खिडक्या भिंतीला टेकून ठेवलेल्या. जाड दोरखंडांची वेटोळी, जीवरक्षक नौका, दारे, आरसे, कपाटे. प्रत्येक वस्तूवर समुद्राची खूण दिसते. जेवणाच्या टेबलाची कड सर्व बाजूंनी बोटभर उंचावलेली, कारण जहाज डोलले तरी ताट घसरता कामा नये. खुर्च्यांच्या पायांना भोके, कारण त्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या असत. कपाटाचा खण थोडा उचलल्यावाचून उघडत नाही, कारण लाटेच्या हेलकाव्याने तो आपोआप बाहेर येता कामा नये.

जुन्या वस्तूतून नवी घडवण्याची कला म्हणजे काय, हे मला तेथे पुतण्याच्या नजरेतून उमगले. उंच कडेचे टेबल पाहून तो म्हणाला, “पाय कापून बुटके केले तर आजींना पोथी वाचायला ढाळे होईल. चष्मा, पेन खाली पडणार नाही.” सागवानी डेकच्या फळ्यांत बोल्टची भोके होती. ती बुजवून लपवण्याऐवजी त्यांत गडद लाकडाची गोल बुचे बसवावीत, म्हणजे तीच नक्षी होईल, असे त्याचे मत पडले. गोल खिडकीत आरसा बसवायचा. जे जमणार नाही तेही त्याने लगेच बाजूला काढले. लोखंडी अग्निरोधक दारे घराच्या बिजागऱ्यांना पेलणार नाहीत. जहाजावरील पुष्कळ विजेची यंत्रे 60 हर्ट्झसाठी बनवलेली असतात, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. वस्तूचे मूळ काम ओळखावे आणि तिला त्याच्या जवळचेच नवे काम द्यावे, ही त्याची रीत.

यानंतर मात्र आमची चूक झाली. एका खाड्यात खोल्यांच्या भिंतींचे पांढरे तक्ते थप्पी लावून ठेवले होते. गुळगुळीत, सरळ आणि फारच स्वस्त. कपाटांच्या पाठी आणि फडताळे यांसाठी ते उत्तम, असे आम्हा दोघांना वाटले. “हवे तसे कापा, प्लायसारखेच आहे,” दुकानदाराने सांगितले. मी 20,000 रुपये आगाऊ देऊन टाकले. थप्पी हलवायला आलेल्यांत एक उतारवयाचा कामगार होता, ओडिशाचा. एका तक्त्याचा तुटलेला कोपरा आमच्यासमोर धरून तो हळूच म्हणाला, “शेठ, याला करवत लावू नका.” आत करड्या रंगाचा तंतुमय थर दिसत होता.

तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकत होता. नुसत्या डोळ्यांनी ते ठरवता येत नाही, प्रयोगशाळेत तपासावे लागते. आगीपासून संरक्षण म्हणून जुन्या जहाजांच्या भिंतींत तो सर्रास भरलेला असे. जहाजांवर तो नव्याने बसवण्यास 2011 पासून संपूर्ण मनाई आहे, परंतु आज तुटायला येणारी बरीच जहाजे त्याच्या आधी बांधलेली असतात. तक्ता अखंड असेपर्यंत धोका कमी असतो. करवत चालली की न दिसणारे तंतू हवेत जातात, फुप्फुसात रुततात आणि त्यांतून होणारा आजार कित्येकदा वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो. म्हणजे कपाट आमच्या गिऱ्हाइकाचे, नफा आमचा आणि श्वास आमच्या मिस्त्रीचा.

आम्ही तक्ते तेथेच सोडले. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही.

परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, आपण झाडाचा विचार केला, मिस्त्रीचा केलाच नाही.” मला त्याच्या बोलण्याने समाधान वाटले, कारण चूक माझीही तितकीच होती. पुनर्वापर म्हटले की वस्तू आपोआप निर्दोष होते, असे मी धरून चाललो होतो. फ्रान्सच्या ‘क्लेमांसो’ या विमानवाहू नौकेला अ‍ॅस्बेस्टॉसच्या वादामुळे 2006 मध्ये अलंगला न पोहोचताच माघारी जावे लागले होते. जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार 2009 मध्ये झाला आणि जून 2025 पासून लागू झाला. त्यानुसार जहाजावर कोणते घातक पदार्थ कोठे आहेत, याची यादी जहाजासोबत ठेवावी लागते. जहाजाची यादी असते, तर त्यातून निघालेल्या टेबलाची का नसावी?

आपण व्यापारी माणसे. वही हे आपले जुने साधन. दालन सुरू झाले, तेव्हा पुतण्याने एक वेगळी वही घातली. प्रत्येक वस्तूची नोंद तीत आहे: कोठून आणली, मूळची काय होती, कोणता भाग नवा, जुना रंग कसा काढला. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासायचा नाही, हे मिस्त्रीला बजावले आहे. ज्या वस्तूचे मूळ कळत नाही, ती घ्यायची नाही. यामुळे माल कमी येतो आणि दालन अजून अर्धेच भरले आहे.

बुटक्या टेबलावर आता आई रोज सकाळी स्वाध्याय करते. उंच कडेला चष्मा अडकून राहतो. वहीत त्या टेबलाची नोंद पहिली आहे. तिच्याखाली, मालाच्या रकान्यात काहीही न लिहिता, 20,000 रुपयांची खर्चाची ओळ मी स्वतःच्या हाताने मांडली आहे.