सोवळ्याचे पाणी

संध्येसाठी तळहातावर पाणी घेण्याचा आमचा नेम पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला आहे. मुंजीच्या दिवशी वडिलांनी आचमन शिकविले, तेव्हा पाणी ही देवता आहे एवढेच कळले. पुढे संस्कृत शिकलो आणि शिकविलेही. वेदांतील जलसूक्तांचा अर्थ मुलांस फोड करून सांगितला. पाण्यात मलमूत्र टाकू नये ही स्मृतींची आज्ञा फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून दिली. इतके असूनही आपल्याच परसातील पाण्याविषयी आम्ही किती अडाणी होतो, हे ध्यानात यावयास साठी उलटावी लागली. ती हकीकत सांगण्यात आमची प्रतिष्ठा वाढते असे नाही. परंतु आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत, म्हणून सांगणे अवश्य वाटते.

आमचे घर शहापूर तालुक्यात, भातसानगरच्या जवळ. मुंबईकराने नळाची तोटी फिरविली की ज्या मुलखाचे पाणी त्याच्या भांड्यात पडते, तो हा मुलूख. मुंबईने आपली तहान भागविण्यासाठी १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा असे तलाव बांधले. मोडकसागर झाला १९५७ साली, आणि १९८०च्या दशकापासून भातसेचे पाणी शहरास मिळू लागले. आज मुंबईस रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. त्यातील निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे असते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते, तेथून उपसून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते आणि मग शहराकडे निघते. तुरटीने गाळ खाली बसवावा, वाळूच्या थरांतून पाणी गाळावे, शेवटी क्लोरीन द्यावा, असा त्याचा संस्कारविधी आहे. आमच्या मुंजीतही इतका काटेकोरपणा झाला नव्हता!

आणि इकडे उन्हाळा आला की ह्याच तालुक्यातील गावपाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण येथील पोराबाळांच्याही तोंडी आहे. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडूनही असे का व्हावे? आमची भूमी काळ्या कातळाची. ह्या कातळाच्या पोटात पाणी फारसे मावत नाही. जे मुरते ते भेगांवाटे धावते, आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत झरे बारीक होतात. ही गोष्ट आम्ही भूगोलाच्या तासाला कित्येकदा शिकविली होती. तिचा दुसरा अर्थ मात्र आमच्या लक्षात आला नव्हता.

आमच्या घरामागून एक ओहोळ वाहतो. तो वरच्या रानातून येतो, आमच्या परसाला वळसा घालतो, आणि खाली दोन शेते ओलांडून कातकऱ्यांच्या वाडीजवळून नदीकडे जातो. वाडीपाशी त्याच्या काठाला दगडांनी बांधून घेतलेला एक झरा आहे. वाडीत नळाची तोटी उभी आहे, पण तिला पाणी येण्याचा भरवसा नाही. त्यामुळे वर्षातील बरेच महिने वाडीची तहान हाच झरा भागवितो.

गेल्या श्रावणात वाडीतील दोन पोरांस जुलाब-वांत्यांनी घेरले. एकाला रात्री रिक्षात घालून शहापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यावे लागले. तीन दिवस सलाइनवर होते. ईश्वरकृपेने दोघेही बचावले. पोर परत आले तेव्हा आम्ही समाचारास गेलो, आणि आमच्या जुन्या सवयीप्रमाणे तेथे एक व्याख्यान दिले. पाणी उकळून प्यावे, हंड्यात हात बुडवू नये, नखे कापावीत, इत्यादी. बायकांनी पदर सावरून ते ऐकून घेतले. उपदेश खोटा नव्हता. परंतु 'हे लोक स्वच्छता पाळीत नाहीत' हा जो अभिप्राय मनात धरून आम्ही परतलो, त्याची आठवण झाली की आज मान खाली जाते.

दिवाळीच्या सुटीत आमची नात घरी आली. ती प्राणिशास्त्र शिकते. एके सकाळी पाहतो तो ती ओहोळात पाय सोडून एकेक दगड उलटा करीत बसलेली! विचारता म्हणाली, "आजोबा, दगडाखाली कोण राहते ते पाहते आहे." तिने आम्हांसही खाली उतरविले. घराच्या वरच्या अंगास दगडांच्या पाठीशी चपटे, शेपटीस दोन-तीन तंतू असलेले चपळ किडे होते. ही मेफ्लाय नावाच्या माशीची पिले. त्यांना गार, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. घाण वाढली की ती प्रथम नाहीशी होतात. मग आम्ही परसाच्या खाली गेलो. तेथे दगड बुळबुळीत झाले होते आणि गाळात तांबडे बारीक किडे वळवळत होते. हे किडे प्राणवायू थोडा असला तरी तग धरतात. तिने दोन्ही जागांची नोंद वहीत केली आणि काही बोलली नाही. आम्हीही काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून चार लहान बाटल्या काढल्या. ही परीक्षा आपल्याच देशात, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून बाटली उबदार जागी एक-दोन दिवस ठेवावयाची. विष्ठेच्या सोबतीने येणारे जंतू त्यात असतील तर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊन पाणी काळे पडते, आणि घाण जितकी अधिक तितके ते लवकर पडते. एक बाटली आमच्या विहिरीची, दुसरी ओहोळाच्या वरच्या अंगाची, तिसरी परसाखालची आणि चौथी वाडीच्या झऱ्याची, अशा चार बाटल्या देवघराच्या कोनाड्याशेजारी ठेविल्या.

परसाखालची बाटली रात्रीतच काळी झाली. झऱ्याची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाईसारखी झाली. वरच्या अंगाची दुसऱ्या संध्याकाळी किंचित करडी दिसू लागली. रानात गुरे चरतात, तेव्हा तेवढे व्हावयाचेच. आमच्या विहिरीचे पाणी मात्र जसेच्या तसे राहिले.

येथे आमच्या घराचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. वीस वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा घरालगत शौचकूप बांधला. त्या वेळी आम्ही स्वतः पावले मोजून गवंड्यास जागा दाखविली होती. विहीर सोवळ्याची, तिच्यापासून खड्डा जितका दूर नेता येईल तितका न्यावा, आणि तोही उताराकडे, हा आमचा कटाक्ष. विहीर आणि खड्डा यांत निदान ५० फूट अंतर असावे हा नियम आम्हांस ठाऊक होता. आम्ही त्याहून अधिक राखले होते आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. मातीच्या जाड थरातून पाणी मुरताना जंतू अडतात. कातळाच्या भेगांतून मात्र ते तसेच निसटतात. उताराकडे, ओहोळाच्या काठाशी खणलेला तो खड्डा आमच्या विहिरीपासून दूर होता, याचाच अर्थ तो वाडीच्या झऱ्याच्या वरच्या बाजूस होता. वरच्या आणि खालच्या बाटलीच्या मध्ये आमचा गोठा आणि आमचा खड्डा यांखेरीज काहीही नव्हते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू शोधून काढला. त्यापूर्वी, १८५४ साली, लंडनमध्ये डॉक्टर स्नो यांनी कोणत्या घरी कोठले पाणी येते एवढेच पाहून एका पंपावर बोट ठेविले होते. हे धडे आम्ही वाचले होते. आमच्या नातीचे बोट आमच्याच परसाकडे वळेल, हे कोठल्या धड्यात नव्हते.

एवढ्या परीक्षेवर निकाल देऊ नये म्हणून शासकीय प्रयोगशाळेत नमुने पाठविले. अहवाल तोच आला. त्या रात्री घरात बैठक झाली. बंधू म्हणाले, "खड्डा हलवू, यात वाद नाही. पण वाडीवर जाऊन सांगण्याची गरज काय? पोरे बरी झाली आहेत. उद्या दारात भांडण येईल, तेव्हा काय करशील?" त्यांचे म्हणणे अगदीच अव्यवहारी नव्हते. श्रावणातील त्या आजाराचे कारण आमचा खड्डाच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नव्हते. खर्चाचा प्रश्नही होताच. आमच्या चारधाम यात्रेसाठी पोस्टात ठेवलेली रक्कम तेवढी हाताशी होती. सौभाग्यवती इतका वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, "यात्रा पुढल्या वर्षीही होईल. वाडीतली पोरं पुढल्या वर्षापर्यंत तहानलेली राहतील का?"

जुना खड्डा उपसून बुजविला. ओहोळापासून दूर, वरच्या सपाटीवर सिमेंटची बंदिस्त टाकी बांधली. तिचे सांडपाणी मातीच्या उंच वाफ्यात सोडून त्यावर केळी आणि कर्दळी लाविल्या. शेणाची उकिरडीही ओहोळाच्या काठावरून हलविली. हे सोपे होते. वाडीवर जाणे अवघड होते. पाय चार दिवस उंबऱ्यातूनच परतले.

अखेर गेलो. ज्या बाईचे पोर दवाखान्यात होते, ती एके काळी आमच्याच शाळेत होती. तिला सारे सांगितले. बाटल्यांचे, खड्ड्याचे, श्रावणातल्या आमच्या व्याख्यानाचेही. ती हंडा घासत होती, तिने हात थांबविला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुजी, पानी वरनंच खाली येतं. तुम्हीच शिकवलं होतं." ती रागावली असती तर आम्हांस हलके वाटले असते. तिने हंडा पालथा घातला आणि विचारले, "ती बाटली आमाला मिळंल का?"

आता ती आणि वाडीतील आणखी चौघीजणी दर ऋतूत झऱ्याचे पाणी तपासतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनात प्रत्येक गावी पाच स्त्रियांनी पाण्याची परीक्षा शिकावी अशी योजना आहेच. नातीने पत्रव्यवहार करून ती वाडीपर्यंत आणविली. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ब्लीचिंग पावडर टाकतो, तेव्हा अर्ध्या तासाने पाण्यात ऑर्थोटोलिडिनचा थेंब टाकून पिवळी छटा येते की नाही, हे त्या पाहतात. न आल्यास पुन्हा टाकावयास लावतात. मार्गशीर्षात वाडीने आणि आमच्या घराने मिळून रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ओहोळावर वनराई बंधारा घातला; झरा त्या वर्षी नेहमीपेक्षा तीन आठवडे अधिक टिकला.

समाजाने पाणी राखण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातील महाशीर मासे तिळसेश्वराचे म्हणून कोणी धरीत नाही. ह्या माशाला स्वच्छ, वाहते पाणी लागते. तो जगला आहे याचाच अर्थ डोह जगला आहे. श्रद्धेने डोह राखला, हे खरे. परंतु आमच्या घरीही श्रद्धा होती, आणि तिने केवळ आमची विहीर राखली. श्रद्धेची नजर आपल्या कुंपणाशी थांबते की उताराने खाली जाते, यावर सारे अवलंबून आहे.

फाल्गुनात झऱ्याची बाटली दोन दिवस स्वच्छ राहिली. आम्ही आनंदलो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मात्र ती पुन्हा काळी पडली; रानातली आणि शेतांतली सारी घाण एकदम वाहून आली होती. तेव्हा पावसाळ्यात पाणी उकळणे सुटत नाही, वाडीला नाही आणि आम्हांसही नाही. चुलीवर आमचे पातेले चढते तेव्हा वाडीवरही धूर दिसतो.

संध्या अजून चालू आहे. तळहातावर पाणी घेतो तेव्हा मंत्राच्या आधी आता एक प्रश्न मनात येतो: हे पाणी आमच्या हातून पुढे कोणाकडे जाणार? वाचकांनीही आपापल्या घराचा उतार कोणत्या दिशेस आहे, हे एकदा परसात उभे राहून पाहावे, एवढीच विनंती.