बिनकिडीचे चार दात

किडलेला, हललेला, रात्रभर ठणकणारा दात काढून टाकताना कुणाला वाईट वाटत नाही. सुटलो एकदाचे, असंच वाटतं. पण ज्याच्यावर काळा ठिपकासुद्धा नाही, ज्याने कधी कळ दिली नाही, असा दात काढायला लेकीचा हात धरून जिना चढताना पाय जड होतात. त्या जडपणाबद्दल मला लिहायचं आहे.

लेकीचे वरचे सुळे जागा न मिळाल्यामुळे हिरडीत उंचावर निघाले होते. आमच्याकडे याला सरळ ‘दातावर दात आला’ म्हणतात. डॉक्टरांनी तोंडाचं माप घेतलं, प्लास्टरचे साचे केले, चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला आणि सांगितलं, जबडा लहान आहे, दात मोठे आहेत. तारा बसवण्याआधी चार दात काढावे लागतील. वरचे दोन, खालचे दोन. सुळ्याच्या लगेच मागे असतात त्या पहिल्या उपदाढा. तेरा वर्षांच्या मुलीने आरशात बघत ते चारही दात जिभेने चाचपून पाहिले आणि विचारलं, “आई, पण यांनी काय केलंय?”

सासूबाईंनी तर ऐकताक्षणी हातातलं काम खाली ठेवलं. “धडधाकट दात कुणी काढतं का गं?”

दोघींनाही द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी त्या दाताची जन्मकथा वाचायला घेतली. वाचत गेले तशी जास्तच गुंतले. पहिली उपदाढ जबड्याच्या आत घडायला लागते ती मूल दीड-दोन वर्षांचं असताना. म्हणजे लेक दोन शब्द जोडून वाक्य करायला शिकत होती, तेव्हाच हे काम सुरू झालं होतं. ती बालवाडीतून पहिलीत जाईपर्यंत दाताचा माथा तयार झाला. मग तो दुधाच्या दाढेखाली काही वर्षं थांबला. दहाव्या-अकराव्या वर्षी ती दाढ पडली आणि हा वर आला. वर आल्यावरही खाली मूळ वाढतच होतं. ते पुरं होतं बाराव्या-तेराव्या वर्षी. म्हणजे कामाला अकराएक वर्षं लागली, आणि आत्ता कुठे ते संपलं होतं.

दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकायचा, उंदराला द्यायचा आणि नवा मागायचा, हे लेकीनेही केलेलं. या दाताच्या बदल्यात मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सासूबाईंचं माहेर नगरकडचं, शेतकऱ्याचं. बाजरी दाट उगवली की तिथे विरळणी करतात. दोन रोपांमध्ये पुरेसं अंतर राहावं म्हणून मधली चांगली, हिरवीगार रोपंही उपटतात, नाहीतर एकाचंही कणीस भरत नाही. त्यांना मी हे सांगून पाहिलं. त्या गप्प झाल्या, पण पटल्यासारख्या दिसल्या नाहीत, आणि मला स्वतःलाही ते अर्धंच पटलं होतं. बाजरीचं रोप दोन-तीन आठवड्यांचं असतं. आणि रोप असं बघून विचारत नाही, की माझं काय चुकलं.

ही ओढाताण केवळ आमच्या घरातली नाही, हे वाचताना कळलं तेव्हा धीर आला. दात सरळ करण्याच्या आधुनिक शास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढण्याच्या सक्त विरोधात होते. माणसाला मिळालेले सगळे दात नीट जागेवर बसवता येतात, बसवलेच पाहिजेत, ही त्यांची श्रद्धा होती. 1911 मध्ये कॅल्व्हिन केस यांनी काही रुग्णांत दात काढणं आवश्यक असतं अशी बाजू मांडली आणि अँगलपंथीयांशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड अनेक वर्षं गुरूच्या वाटेने चालले. मग त्यांना दिसू लागलं, की दाटीवाटीने बसवलेले दात पुन्हा वाकडे होतात, पुढे येतात. त्यांनी आपल्याच जुन्या रुग्णांवर उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि ते सगळ्यांसमोर ठेवले. ट्वीड यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. ज्या गुरूवर जीव होता, त्याच्या विरुद्ध जाणारं जे डोळ्यांना दिसलं, ते त्यांनी लपवलं नाही. पुढच्या काळात दात काढण्याचं प्रमाण खूप वाढलं, पुन्हा उतरलं. आज प्रत्येक तोंडाचा वेगळा हिशोब मांडतात. कुणाचा जबडा रुंदावता येतो, कुणाच्या दातांच्या बाजू किंचित घासून जागा होते, आणि कुणाच्या बाबतीत दात काढल्यावाचून इलाज नसतो. साच्यावर पट्टी धरून डॉक्टरांनी दाखवलं, लेकीला लागणारी जागा घासून मिळणारी नव्हती.

उजवीकडचे दोन आधी काढले, डावीकडचे नंतर. हिरडीला जेल लावलं, सुई टोचली, थोड्या वेळात ओठ बधिर झाला. डॉक्टर चिमट्याने दात बाहेरच्या आणि आतल्या बाजूला सावकाश हलवत होते, पिळत मात्र नव्हते. वरच्या या दाताला बहुधा दोन बारीक मुळं असतात, पिळलं तर मोडतात. खालच्याचं मूळ एकच, तो थोडा फिरवला तरी चालतं. लेकीने माझं बोट घट्ट धरलं होतं. दुखत नव्हतं, पण हाडातून येणारा कर्रकर्र आवाज तिला आतून ऐकू येत होता.

ट्रेमधला दात मी जवळून पाहिला. वरचा माथा पांढराशुभ्र. खाली त्याच्या दीडपटीहून जास्त लांब, पिवळसर, टोकाशी दुभंगलेलं मूळ, आणि त्याला चिकटलेले लालसर तंतू.

त्या तंतूंनीच मला शांत केलं. दात हाडात थेट रुतलेला नसतो. दोघांच्या मध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दातावर हलका दाब आला की हा थर एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दबलेल्या बाजूला काही पेशी हाड विरघळवतात, ताणलेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड रचतात, आणि दात सरकतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. उपदाढेची जागा सात मिलिमीटरच्या आसपास, म्हणून एवढा वेळ लागतो. जोर वाढवून घाई करता येत नाही, कारण जास्त दाबाने तिथला रक्तपुरवठाच तुटतो. आपण टणक, निर्जीव समजतो ते हाड इतकं ऐकणारं असतं, हे मला मुलगी मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं.

आता सुळे खाली उतरलेत आणि फटी बुजत आल्यात. तारा निघाल्यावर रिटेनर वापरावा लागेल, कारण दातांची जुन्या जागी परतण्याची ओढ जात नाही.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला हे सांगितलं गेलं असेल, तर तारीख ठरवण्याआधी साचा हातात घ्या. किती जागा कमी पडते, दात न काढता ती मिळते का, नाही काढले तर काय होईल, हे विचारा. शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि हे सगळं विचारताना मुलाला बाहेर बाकावर बसवू नका. दात त्याचे आहेत. त्याच्या प्रश्नाला ‘काही होत नाही’ म्हणून गप्प करू नका, उत्तर द्या.