खाड्यासकट वही

२४ जून २०२४, सोमवार. काळाचौकी

सकाळी उपाशीपोटी वजन ७८.४ किलो. बेंबीवर कंबर ९८ सेंटिमीटर. वय ४३.

मंडळाच्या व्यायामशाळेची फी भरली. तेरा वर्षांनी पाय ठेवला. लोखंडी प्लेटा त्याच, बाकाचं रेक्झिन नवं. २०११ साली इथूनच शरीरसौष्ठव स्पर्धेत ६५ किलोच्या गटात उतरलो होतो, तेव्हा काट्यावर ६४.६ भरलो होतो. नंतर खांदा गेला, नोकरीच्या पाळ्या आल्या, मुलगी झाली. आता मास्टर्स गटात, म्हणजे चाळिशीच्या पुढच्यांत, एकदा तरी नीट तयारीनं स्टेजवर जायचं आहे. मनात खूप दिवस होतं, आज लिहून टाकलं.

परळला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. पहिलं काम म्हणून स्वतःचं रक्त दिलं: साखर, चरबी, क्रिएटिनिन. सगळं मर्यादेत. चाळिशीनंतर परतणाऱ्यानं आधी रक्त तपासावं, मग डंबेलला हात लावावा.

२६ जून, बुधवार

माळ्यावरून २००९ची डाएटची वही काढली. पानोपानी एकच मजकूर: सकाळी आठ अंडी, दुपारी चिकन, रात्री चिकन. चहा नाही, वडापाव नाही, लग्नातलं जेवण नाही, आईनं ताटात वाढलेला भात नाही. जे खाल्ल्याचा अभिमान वाटत होता तेवढंच लिहिलं. त्या वहीवरून आज काहीच शिकता येत नाही.

म्हणून काल दिवसभर जे पोटात गेलं ते सगळं तोलून लिहिलं. सहा चपात्या, प्रत्येकी ३५ ग्रॅम कणकेची. दोन वाट्या आमटी. भात, भाजी, तीन कप चहा, संध्याकाळी स्टेशनबाहेर एक वडापाव. प्रथिनं किती? ५५ ग्रॅम. वजनी व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे मला सव्वाशे. निम्म्यालाही पोचलो नाही, आणि मला वाटत होतं घरचं जेवण पौष्टिक आहे, पुरतं.

आमटीनं डोळे उघडले. मोबाईलमधलं अ‍ॅप ‘एक वाटी डाळ’ला ज्या कॅलरी आणि प्रथिनं दाखवतं ती डाळ दाट असणार. आमची चौघांची आमटी १०० ग्रॅम तुरीची. माझ्या वाटणीला २५ ग्रॅम डाळ, साडेपाच ग्रॅम प्रथिनं. म्हणून अ‍ॅप बंद केलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नाचे तक्ते काढले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. कच्चा माल तोलायचा, त्या तक्त्यावरून आकडा काढायचा, मग माणशी भागायचं. वेळ लागतो, पण आकडा आपल्या पातेल्यातला असतो.

३० जून, रविवार

तेलाचा हिशेब जमत नव्हता. फोडणी कुणी तोलत नाही. पण बायको पाच लिटरचा डबा फोडला की झाकणावर पेनानं तारीख लिहिते. ३१ मेचा डबा आज संपला. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, महिना एक, माणसं चार. माणशी रोजचं ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. माझ्या वहीत गेले चार दिवस तेलाचा रकाना कोरा होता.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “अहो, तुमच्या एकट्यासाठी वेगळं शिजवणार नाही मी. सगळ्यांचंच कमी करू.” उद्याच्या डब्यावर तारीख टाकली आहे. हा डबा चाळीस दिवस चालवायचा.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळला. सकाळी लोकल ठप्प, व्यायामशाळेच्या दारात घोट्यापर्यंत पाणी. व्यायाम नाही. वहीत ‘खाडा’ लिहिलं.

मासेमारीची बंदी चालू, बाजारात ओलं कमी, म्हणून आईनं सुके बोंबील काढले. मुंडकी-शेपट्या कापल्या, गरम पाण्यात घातले, दोनदा पाणी बदललं. माझ्या वाटणीचे कोरडे असताना ४० ग्रॅम भरले. सुक्या बोंबलात शंभराला साठच्या आसपास प्रथिनं, म्हणजे २४ ग्रॅम एका बैठकीत. कांद्यावर परतलेलं हे सुकं लहानपणापासून खातोय, पण त्याला कधी ‘डाएट’ म्हटलं नव्हतं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

घरात सगळ्यांचा उपास. साबुदाण्याची खिचडी तोलली: साबुदाणा ८० ग्रॅम, दाण्याचं कूट ३०. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जी काही साडेसात ग्रॅम प्रथिनं आली ती दाण्यांची. दूध-दही धरून दिवसाचे ३१. श्रावणात पाच सोमवार आहेत आणि महिनाभर अंडी-मासळी बंद. आईचा नेम आहे, मोडायचा नाही. तयारी आत्तापासून करायला हवी.

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

दादरला उस्तादांकडे गेलो. वय ७६. बारा वर्षं गिरणीत साचे चालवले. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यानंतर त्यांनी आमच्यासारखी पोरं घडवली.

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून पान न् पान पाहिलं. “हे काय, खाडा पण लिहितोस?” मग खूश होऊन खाणावळीचं सांगत बसले. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींमध्ये बायकांकडे महिन्याच्या हिशेबानं जेवत. बाई वहीत रोजची खूण करायची. ज्या दिवशी जेवला नाही तो खाडा, महिनाअखेर तेवढे पैसे वजा. दोघांचाही त्या वहीवर विश्वास. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं ते याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. गिरणगावात ज्यांनी ज्यांनी शरीर कमावलं त्यांच्या ताटामागे या बायका होत्या. बक्षिसाच्या ढालीवर मात्र त्यांचं नाव कुठे आलं नाही.

उस्तादांनी आणखी एक नाव काढलं. मनोहर ऐच, कोलकात्याचे, उंची पाच फुटांच्या आत. १९५२ साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात पहिले आले आणि २०१६ साली वयाच्या १०४व्या वर्षी गेले. जेवण भात, मासे, डाळ, दूध, भाज्या. “आपलंच की रे हे,” उस्ताद म्हणाले.

निघताना दटावलं: “सुई नको. डब्यांच्या मागे लागू नको.” २०१० साली ओळखीच्या एका दुकानातून घेतलेला पावडरचा डबा बनावट निघाला होता, महिनाभर पोट बिघडलं होतं. उस्ताद ते विसरलेले नाहीत, मीही नाही. यंदा मे महिन्यात पोषण संस्थेनं आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच म्हटलंय.

४ ऑगस्ट, रविवार

उद्यापासून श्रावण. बंदी उठून चार दिवस झाले, सकाळी सहाला मासळी बाजारात उभा. किलोभर ओले बोंबील आणले.

साफ करून ६९० ग्रॅम. आईनं ते मधून चिरले, पुस्तकासारखे उघडले, फडक्यात ओळीनं मांडले, वर आणखी एक फडकं, त्यावर पाटा. तासाभरानं पाटा उचलला तर खालचं फडकं चिंब. काट्यावर ५६०. तासात १३० ग्रॅम पाणी निघालं होतं. बोटानं दाबलं तर मांस आता घट्ट लागत होतं. “पाणी काढल्याशिवाय तव्यावर टाकलास तर विरघळतो,” आई म्हणाली.

ओल्या बोंबलात दहापैकी जवळपास नऊ भाग पाणीच. मी सगळे मासे एकाच मापानं धरून चाललो होतो, शंभराला वीस. ते बांगड्याला ठीक. बोंबलाला त्याच्या निम्मंही नाही. माझ्या वाटणीला ३५ लिहिले असते, खरे निघाले १५. तव्यातलं तेलही तोललं: घातलं १००, उरलं ५८. तांदळाचं पीठ आणि रवा तेल पितो. चव मात्र अशी की आकडा बघून ताट सरकवावं असं मनातही आलं नाही. खाल्लं, आणि लिहिलं.

७ ऑगस्ट, बुधवार

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली. बाद. प्रयोगशाळेत दिवसभर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. १०० ग्रॅम म्हणजे आमच्या चौघांची आमटीची डाळ.

२०११ साली मीही वजनासाठी दोन दिवस पाणी तोडलं होतं. स्टेजवर मांडीत गोळा आला, पोझ धरता येईना. आता प्रयोगशाळेत सोडियम-पोटॅशियमचे अहवाल रोज माझ्या हातातून जातात आणि त्या वेळी कुठल्या काठावर उभा होतो ते कळतं. पाणी तोडून वजन उतरवणं, लघवीच्या गोळ्या घेणं, हे व्यायामशाळेतल्या पोरांनी करू नये. हृदय बंद पडू शकतं. वजन उतरवायचं तर चार महिने आधीपासून, ताटातून.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

श्रावणाचे पंधरा दिवस. आठवड्याची सरासरी ११२ ग्रॅम, अंड्याशिवाय. सोयाबीनच्या वड्या (शंभराला ५० ग्रॅमच्या वर), मोड आलेली मटकी, भाजलेले चणे, पनीर. आणि चक्का. लिटरभर दुधात ३२ ग्रॅम प्रथिनं, दही लावून रात्रभर फडक्यात टांगलं की त्यातली बरीचशी चक्क्यात उरतात. श्रीखंडासाठी आई तो करायचीच, आता साखर घालण्याआधी माझा वाटा बाजूला निघतो. उपासाच्या सोमवारीही तो चालतो, हे सगळ्यात मोठं.

आज नारळीभात खाल्ला. लिहिला.

ताकद मात्र अपेक्षेपेक्षा लवकर परत येतेय. स्क्वॉट ४० किलोनं सुरू केला होता, आज ८० चे पाच. ओस्लोच्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवर दाखवलं होतं की व्यायामानं स्नायूपेशीत वाढलेली केंद्रकं, स्नायू रोडावला तरी टिकून राहतात. माणसांबद्दल अजून वाद आहे. पण पहिल्यांदा याच वजनाला मला दीड वर्ष लागलं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

पहाटे पाचला आईच्या आधी काटा ओट्यावर ठेवला. तांदळाची पिठी ३००, खवलेला नारळ २५०, गूळ २५०, तूप २०. आई काही बोलली नाही, फक्त गूळ तोलताना म्हणाली, “देवाचं आहे, कमी करू नकोस हं.” केला नाही. मोदक एकवीस. एकाला साधारण १४५ कॅलरी, वर तुपाची धार वेगळी.

तिच्या पाऱ्या बघत बसलो. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, पारी फिरत फिरत पातळ होते, कडा कुठेच फाटत नाही. एकवीसही मोदक काट्यावर दोन-चार ग्रॅमच्या फरकानं सारखे. तिच्याकडे काटा कधीच नव्हता.

पाच मोदक खाल्ले. पाचही लिहिले.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी. लालबागच्या रस्त्यावर दोन रात्री उभा, मंडळाची ड्यूटी. झोप चार तास, जेवण मिळेल तेव्हा मिळेल ते: पुलाव, बटाटावडे, प्रसादाचा शिरा. बऱ्याच गोष्टींना वजन नाही, म्हणून अंदाज लिहिला आणि समोर ‘अंदाज’ असा शब्द टाकला. व्यायामाचे सलग पाच खाडे. वजन १.१ किलोनं वर, बहुतेक मीठ आणि पाणी. आठवड्यात उतरेल. जुन्या वहीत ही पानं मी फाडली असती.

२९ सप्टेंबर, रविवार

वजन ७४.३. कंबर ९१. चौदा आठवडे. प्रथिनांची गेल्या आठवड्याची सरासरी ११९ ग्रॅम. जुलैचा तेलाचा डबा ४१ दिवस गेला, ऑगस्टचा अजून पुरतोय. आईची साखर आणि बायकोचं वजन, दोन्ही थोडं खाली. रक्त पुन्हा तपासलं, क्रिएटिनिन होतं तिथेच. व्यायामाचे एकूण खाडे १७.

संध्याकाळी व्यायामशाळेत तीन पोरांनी वही मागितली. विशीतली, दोघं रात्री गाडीवरून जेवण पोचवायचं काम करतात. त्यांना वाटलं आत काही गुपित असेल. एकानं विचारलं, “काका, पावडर कुठली लिहिलीय?” मी त्याला ३० जूनचं पान काढून दिलं.

आरशाशेजारी एक कोरा तक्ता चिकटवून आलोय. रकाने पाच: तारीख, कच्चा माल आणि त्याचं वजन, माणसं किती, तेल, खाडा. पोरांनो, डब्यावर पैसे घालण्याआधी महिनाभर हा भरून आणा. घरी कोण रांधतं, त्यांना शेजारी बसवून भरा. काटा माझ्याकडून न्या.

आता मुंबई श्रीची शरीरसौष्ठव स्पर्धा. मास्टर्समध्ये नाव देतोय.