त्रिएस्तेचे आयरिश बंधू

व्हेनिसहून निघालेली आगगाडी कार्स्टच्या पांढुरक्या कड्यांखालून एड्रियाटिकच्या काठाकाठाने धावू लागली, की त्रिएस्ते समीप आल्याची वर्दी समुद्रच देतो. स्थानकाबाहेर पडताच समोर एक बाग लागते. 1904 च्या ऑक्टोबरात डब्लिनहून पळून आलेला बावीस वर्षांचा जेम्स जॉईस प्रेयसी नोराला या बागेत बसवून पैशांच्या शोधात गावात शिरला आणि मद्यधुंद इंग्रज खलाशांच्या तंट्यात सापडून थेट कोठडीत पोहोचला. ती बिचारी तासन् तास ताटकळत राहिली.

सम्राट सहाव्या चार्ल्सने 1719 मध्ये या बंदराला जकातमाफी बहाल केली, तेव्हापासून इटालियन, स्लोव्हेन, ग्रीक, सर्ब, ज्यू अशा नाना जमातींनी ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली येथे जी संमिश्र वसाहत उभारली, तिची साक्ष ग्रांदे कालव्याकाठी सर्बियन देवालयाचे निळे घुमट अद्याप देतात. त्याच कालव्यावर, पोन्ते रोसो पुलावर, काखेत पुस्तक धरून चाललेला जॉईसचा ब्राँझचा पुतळा 2004 साली बसविण्यात आला. त्याला चौथरा नाही, हे मला फार उचित वाटले, कारण घरमालकांचा तगादा चुकवीत बिऱ्हाडे बदलणाऱ्या या माणसाने येथील फरसबंदी पुष्कळ झिजविली होती. बर्लिट्झ शाळेत आणि शिकवण्यांवर इंग्रजी शिकवून तो पोट भरी, आणि घरी मुलांशी बोले तो त्रिएस्तेच्या बोलीत! ‘डब्लिनर्स’मधील बहुतेक कथा त्याने याच मुलखात लिहिल्या आणि ‘युलिसिस’ कादंबरीचा आरंभही येथेच केला, डब्लिन त्याला दिसले ते डब्लिनपासून इतक्या दूर आल्यावर.

जहाजांच्या रंगाच्या कारखान्यातील एत्तोरे श्मिट्झ हा जॉईसचा शिष्य. इटालो स्वेवो या नावाने लिहिलेल्या दोन कादंबऱ्या उपेक्षेत पडल्यामुळे हा सद्गृहस्थ लेखनसंन्यास घेऊन बसला होता. गुरूने त्या वाचून त्याला पुन्हा लिहिते केले, आणि ‘युलिसिस’चा नायक ब्लूम याची घडण करताना शिष्याच्या स्वभावातून मुक्तहस्ते उचल केली. असा व्यवहार साहित्यातच शोभतो.

मला मात्र गावभर आठवत राहिला तो धाकटा भाऊ स्टॅनिस्लॉस. 1905 मध्ये थोरल्याच्या बोलावण्यावरून तो आला, त्याच शाळेत मास्तर झाला, आणि भावाचे भाडे, उसनवारी व मद्याची बिले निस्तरण्यात त्याचे तारुण्य खर्ची पडले. पहिले महायुद्ध पेटल्यावर ऑस्ट्रियन सरकारने त्याला स्थानबद्ध केले. थोरल्याला मात्र 1915 मध्ये झुरिचला जाण्याचा परवाना मिळाला. पुढे पॅरिसमध्ये 1922 साली ‘युलिसिस’ प्रसिद्ध होऊन जेम्स जगविख्यात झाला, तरी स्टॅनिस्लॉस त्रिएस्तेतच इंग्रजीचे अध्यापन करीत राहिला. ‘युलिसिस’ची कथा ज्या दिवशी घडते, तो 16 जून आता डब्लिनप्रमाणे येथेही ‘ब्लूम्सडे’ म्हणून मिरवणुका नि वाचनांनी साजरा होतो. 1955 साली त्याच तारखेस स्टॅनिस्लॉस या गावी निवर्तला.