काठी काठाला विचारून घ्या



गळाची काठी किती लांब असावी? हा प्रश्न दहा जणांना विचारून बघा. नऊ जण लगेच सांगतील, "जितकी लांब काठी, तितका मोठा मासा!" दहावा मात्र काहीच बोलणार नाही. तो पाण्याकडे बघत बसेल. तुम्ही त्या दहाव्याच्या शेजारी जाऊन बसा. खरं उत्तर त्यालाच ठाऊक असतं.

मला असा दहावा माणूस नांदेडला भेटला. गोदावरीच्या काठी राहणारे, भोई समाजातले एक काका. जाळं टाकणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि गळ टाकून बसणं हा विरंगुळा. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "लेकरा, काठी माशाला इचारून घ्यायची नसती. काठाला इचारून घ्यायची."

तेव्हा हे वाक्य मला नुसतं गमतीचं वाटलं. काठी आणि काठ! पण त्यात केवढं शहाणपण आहे, ते आता सांगतो.

आधी साध्या काठीची ओळख करून घेऊ. वेळूची सरळ, शेंड्याकडे निमुळती काठी. टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. दोऱ्याच्या शेवटी गळ, आणि त्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी. या काठीला रीळ नसतं. म्हणून दोरा जवळजवळ काठीइतकाच ठेवतात. काठी उभी धरली की गळ बरोबर हातात येतो. दोरा फार लांब केला, तर मासा लागला तरी हातात यायचा नाही! म्हणजे तुमचा गळ किती दूर पडणार, हे काठीच ठरवते.

माझी काठी आठ हातांची होती. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, मोठ्या माणसाचा सुमारे दीड फूट. म्हणजे काठी बारा फुटांची. लातूरकडे मांजरेच्या काठी राहणारा माझा आतेभाऊ मात्र चार हातांची काठी वापरायचा. आमचं यावरून नेहमी भांडण.

"ही गळाची काठी आहे का झेंड्याचा खांब?" तो विचारायचा.

"आणि तुझी काठी आहे का गुरुजींची छडी?" मी म्हणायचो.

एका पावसाळ्याच्या शेवटी तो आपली छडी घेऊन नांदेडला आला. नांदेडच्या गोदावरीला दगडी घाट आहेत. नगिना घाट, गोवर्धन घाट ही नावं तुम्ही ऐकली असतील. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. शिवाय शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचं धरण आहे. पाऊस झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले, की घाटावरचं पाणी भराभर चढतं. म्हणून काका नेहमी वरच्या कोरड्या पायरीवर बसायचे. आठ हातांच्या काठीनं तिथूनही गळ खोल पाण्यात पडायचा.

भावाची काठी तिथून पुरेना. तो एक पायरी उतरला. मग आणखी एक. मग शेवटची ओली पायरी. आणि सर्रकन पाय घसरला! गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला असेल-नसेल, तोवर काकांनी मागून त्याची कॉलर धरली होती. ते रागावले नाहीत. त्याला वर बसवून एवढंच म्हणाले, "काठी दोन हात आखूड पडली, की माणूस दोन पायऱ्या फुडं जातो. काठी लांब कामून पाहिजे? मासा दूर हाय म्हणून न्हाई. आपण दूर ऱ्हावं म्हणून."

भाऊ दिवसभर गप्प होता. मीही.

मग तुम्ही म्हणाल, ठरलं तर, लांब काठीच चांगली! थांबा, थांबा. इतकी घाई नको. पुढच्या सुट्टीत मी लातूरला निघालो, तेव्हा काकांनी विचारलं, "तिथं डोक्यावर काय हाय?" मी म्हणालो, बाभळी. "मग ही इथंच ठेव."

आत्याच्या गावाजवळच्या डोहावर बाभळीच्या फांद्या अगदी पाण्यावर वाकलेल्या. आठ हातांची काठी तिथं उचलायलाही जागा नाही. काठ मात्र सपाट आणि कोरडा. आणि तिथला मासा म्हणजे मरळ. हा मासा शिकारी. लांबट अंग, सापासारखं डोकं. तो काठाजवळच्या गवतात दबा धरून बसतो, आणि बेडूक दिसला की झडप घालतो. म्हणजे मासा पायाशीच! तिथं भावाची चार हातांची काठी राजा होती. नेमक्या दोन झुडपांच्या मधे गळ सोडता यायचा, आणि मासा लागला की गवतात शिरण्याआधी त्याला बाहेर काढता यायचं. आजकाल मरळीसाठी रिळाच्या काठीला रबरी बेडूक लावून गवतावरून ओढतात. त्या काठ्याही साधारण साडेसहा-सात फुटांच्याच असतात.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत आणि नद्यांत मस्की नावाचा दांडगा शिकारी मासा असतो. तो खोट्या आमिषाचा पाठलाग करत थेट होडीपर्यंत येतो, आणि तिथं येऊन विचारात पडतो! मग मासेमार काठीचं टोक पाण्यात घालून आमिषानं इंग्रजी आठचा आकडा काढतो. वळण जितकं मोठं आणि गोल, तितका मासा सहज वळतो. मोठ्या वळणाला लांब काठी बरी, शिवाय जड आमिष लांब फेकताही येतं. म्हणून तिकडे पूर्वीपेक्षा लांब, आठ-नऊ फुटांच्या काठ्या रूढ झाल्या. पण त्यांच्या होडीवर बाभूळ नसते, बरं का!

काठ झाला, मासा झाला. आता तिसरी गोष्ट, तुमचं स्वतःचं बळ. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ आठवा. काठीचं बूड एका हातात, तो टेकू. दुसरा हात त्याच्या दोन फूट वर. मासा पाव किलोच्या जोरानं ओढतोय असं धरा. काठी सहा फुटांची असेल, तर वरच्या हाताला पाऊण किलोचा जोर लावावा लागतो. काठी बारा फुटांची असेल, तर दीड किलोचा! काठीचं वजन आणखी वेगळंच. म्हणून मोठ्या माणसाची काठी लहान मुलानं मिरवू नये. एका हातानं आडवी धरून शंभर आकडे मोजा. मनगट थरथरलं, तर ती काठी अजून तुमची नाही.

आणि डोक्यावर बाभळीबरोबर विजेच्या ताराही असतात. ओला वेळू आणि बाजारातल्या कार्बनच्या काठ्या यांतून वीज वाहते. तारांखाली काठी उभी करायचीच नाही. चांगली जागा दिसली तरी नाही. आई-बाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे.

मरळीची आणखी एक गंमत सांगतो. ही फक्त पाण्यातली हवा घेत नाही, वर येऊन बाहेरची हवाही गिळते. म्हणून डबकं आटलं तरी ओल्या चिखलात ती तग धरते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा दुष्काळी मुलखात टिकणारा हा मासा! शेजारच्या तेलंगणानं त्याला राज्यमासा केलंय. आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा पापलेट, तो समुद्रातला. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका वळवळताना दिसला, तर खाली त्यांचे आई-बाप पहारा देत असतात. तेव्हा गळ गुंडाळायचा. आई-बाप गेले, तर पिलांना वाली उरत नाही.

तर दोस्तांनो, कुठल्याही पाण्यावर जाल तेव्हा घरचं मोठं माणूस बरोबर घ्या. तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल, तर आधी परवानगी विचारा. मग काठी न उघडता पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पाय कुठं कोरडे राहतील? डोक्यावर काय आहे? मासा दूर आहे की पायाशी? आणि माझ्या मनगटाला काय झेपेल? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली, की काठी किती हातांची हवी ते तुम्हाला आपोआप कळेल.