रंगूनचा प्रवासी आणि नागपूरची दीक्षा (धागा)

१/
ब्रह्मदेश म्हटला की मराठी मनाला मंडालेचा तुरुंग आणि लोकमान्य आठवतात. फार तर रत्नागिरीत आयुष्य कंठलेला थिबा राजा. नागपूरशी मात्र त्या देशाचा धागा जुळतो तो रंगूनमार्गे.

२/
डिसेंबर १९५४. तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर माईसाहेबांसह रंगूनला गेले. प्रकृती ढासळली होती, तरी त्या एकाच वर्षातली ही त्यांची दुसरी रंगूनवारी.

३/
१९३१ च्या जनगणनेत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या आणि लाखो भारतीय देश सोडून निघाले, त्यांतले कित्येक रानावनांतून पायी. १९५४ चे रंगून स्वतंत्र देशाची राजधानी होते. श्वेडगॉनचा सोनेरी स्तूप, महापाषाण गुहेत चाललेली सहावी धम्मसंगीती, तिच्यामागे उभे असलेले पंतप्रधान ऊ नू. येथे बौद्ध असणे कोणाला सिद्ध करावे लागत नव्हते; ते जन्माबरोबरच लाभत होते.

४/
हा प्रवासी त्या वैभवाने केवळ दिपून गेला नाही. परिषदेत बोलताना त्यांचे डोळे पाणावले. ब्रह्मदेश आणि सिलोन सण-उत्सवांच्या सजावटीवर जो पैसा खर्चतात, तो इतर देशांत धम्मप्रसारासाठी लावावा, असे त्यांनी यजमानांनाच ऐकवले. पाहुण्याने असे बोलणे शिष्टाचाराला धरून नव्हते. पण ज्यांच्या वतीने ते बोलत होते, त्यांच्यापाशी ना स्तूप होते ना वारसा.

५/
त्यांचे खरे निरीक्षण धम्मप्रसाराविषयी बुद्ध शासन परिषदेला दिलेल्या टिपणात आहे. भिक्खू होण्यासाठी विधी आहे, उपासक होण्यासाठी नाही. म्हणून भारतात बुद्धाला मानणारे लोक जुन्या देवांनाही धरून राहिले, अशी त्यांची मीमांसा. ख्रिस्ती बाप्तिस्म्यासारखा दीक्षाविधी गृहस्थांसाठीही असावा, ही त्यांची मागणी. ज्या देशात सारेच जन्मतः बौद्ध, तेथे ही उणीव कोणाला जाणवणार? ती बाहेरून आलेल्यालाच दिसली.

६/
परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. दीक्षेला मात्र आणखी दोन वर्षे लागली.

७/
१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मध्य प्रदेशची राजधानी म्हणून या शहराचे हे अखेरचे दिवस. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत तो मान गेला. आंबेडकर दांपत्याला त्रिशरण-पंचशील दिले कुशिनाऱ्याच्या महास्थविर चंद्रमणींनी. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातल्या आराकानचा.

८/
त्यानंतर समोरच्या लाखोंना दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा देण्यासाठी कोणी भिक्खू पुढे आला नाही. काही क्षणांपूर्वीच बौद्ध झालेले बाबासाहेब, चीवर न घेतलेले एक गृहस्थ, स्वतः उभे राहिले. जुन्या देवांना न मानण्याच्या प्रतिज्ञा त्या बाविसांत अगदी आरंभीच होत्या.